शेंडगे बाईंची मांडणी

शेंडगे बाईंना घरी चहाला बोलावलं की घरातलं काहीतरी हलणार, हे ठरलेलं असायचं. बसायच्या आधीच त्या भिंतींवरून नजर फिरवायच्या, डोळे किलकिले करून, समोर ऊन असल्यासारखे. मग उठून कॅलेंडर उतरवायच्या आणि दुसऱ्या खिळ्याला लावायच्या. टीव्हीवरचा प्लॅस्टिकचा गुच्छ उचलून खाली कोपऱ्यात ठेवायच्या. परत येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "आता बरंय." ज्याचं घर, त्याला बरं वाटतंय का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

आमच्या गणिताच्या सरांकडे त्यांच्या लग्नाचा मोठा फोटो होता, सोनेरी चौकटीतला. बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही कॅमेऱ्यात बघताय आन् मिसेस चौकटीबाहेर कुणाकडं तरी बघतायत. मधी नुसता हार लोंबतोय. हा काय जोडा दिसत न्हाई." सरांच्या मिसेस त्यानंतर बाईंशी कधी बोलल्या नाहीत. त्या जोडप्याचं बरं चाललेलं नव्हतं हे गावाला माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं. त्यांना फक्त फोटो दिसला होता.

यात खवचटपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण तो माणसांबद्दलचा नव्हता. वाईट मांडणी त्यांना खड्यासारखी टोचायची आणि टोचली की तोंडातून शब्द निघून जायचा. मांडणी हा त्यांचा शब्द. वर्गात पुस्तकाप्रमाणे 'चित्रसंयोजन' लिहायच्या, पण बोलताना कायम मांडणीच म्हणायच्या. भांड्यांची असते तशी.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. पाटसच्या पलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात मी हिंदी शिकवत होते आणि शेंडगे बाई चित्रकला. आम्ही दोघी दौंडात रेल्वे क्वार्टरच्या मागे एकाच घरमालकिणीच्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो आणि सकाळी वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमधून शाळेला जायचो. बाई मूळच्या खुटबावच्या. धनगराच्या घरातल्या. वडील आयुष्यभर मेंढरांमागे फिरले आणि पाटाचं पाणी आल्यावर शेतीत स्थिरावले. बाई उंच, काळ्यासावळ्या, हाडापेरानं मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की म्हणायच्या, "जागा न्हाई खोलीत." आणि ते अक्षरशः खरं होतं, पण त्याबद्दल पुढे सांगते.

शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणजे सजावटीचा कंत्राटदार. पाहुणे आले की रांगोळी, निकाल लागला की फलक, कुणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बाकीच्यांचा अभ्यासक्रम मागे पडला की चित्रकलेचे तास कापायचे. बाई हे मुकाट्याने होऊ देत नसत. गणिताचे सर त्यांच्या तासाला वर्गावर असले तर त्या दारात उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. सरांना फळ्यावरची बेरीज चुकायला लागायची. शेवटी डस्टर ठेवून ते निघून जायचे आणि बाई आत जाऊन म्हणायच्या, "हं, कागद काढा."

मी एकदा मागच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकला होता. विषय 'आठवडे बाजार'. एका मुलीच्या चित्रात भाजीवाली होती, तिच्यापुढे पिशवी घेतलेला माणूस होता आणि कोपऱ्यात एक हिरवंगार झाड.

"झाड कशाला काढलंस?" बाईंनी विचारलं.

"मोकळं दिसत होतं बाई."

"मग दिसू दे की मोकळं. तुला मोकळ्याचं भ्या वाटतं का?"

मुलीनं हातानं कागद झाकला.

"अगं, चित्रात कुणी पाहुणा नसतो. आला की त्यानं कामाला लागायचं. तुझं झाड काय काम करतंय सांग. सावली देतंय? कुणाला झाकतंय? नुसतंच येऊन बसलंय. काढ त्याला भाईर."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं दिलेल्या खोडरबरानं तिनं झाड खोडलं आणि कागद फाटला. बाईंनी तो फाटका कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा. आता भाजीवाली दिसायला लागली का न्हाई?" खरंच दिसायला लागली होती. पण त्या मुलीला त्याचं काय. बाईंची शिकवणी अशी होती. पोरांना आवडायची असं नाही.

आणि परीक्षेत तर या शिकवणीचा तोटाच व्हायचा. ग्रेड परीक्षेच्या चित्राचा आसपासच्या शाळांनी एक साचा बसवलेला होता. बाजार असो, बसस्टँड असो, जत्रा असो: एक मोठा माणूस पुढे, दोन छोटे मागे, कोपऱ्यात झाड. मुलं तो घोकून जायची आणि भराभर पास व्हायची. बाईंची मुलं रिकाम्या जागा सोडून यायची. कुणी अख्खा बाजार वरच्या कोपऱ्यात ढकलून खाली नुसती मोकळी जमीन ठेवलेली. निकाल लागला की शेजारच्या शाळेची पोरं पहिल्या श्रेणीत आणि आमची काठावर. हेडमास्तर बोलावून घ्यायचे.

"शेंडगे बाई, पालक विचारतात. साचा शिकवायला तुमचं काय जातं?"

"माझं न्हाई जात सर. पोरांचं जातं."

"काय जातं पोरांचं?"

बाई नमस्कार करून बाहेर यायच्या. मला नंतर म्हणायच्या, "डोळं जातं. पर ह्यांना कसं सांगायचं, ह्यांचं कवाच गेलंय."

बाईंचा स्वतःचा अभ्यास मात्र थांबला नव्हता. चित्रकला शिक्षकाची पदविका त्यांनी पुण्यात नातेवाइकांकडे राहून केली होती. पुढे मुंबईच्या कला महाविद्यालयात जायचं होतं, ते राहिलं. त्याबद्दल त्या बोलत नसत. पण रविवारी सकाळच्या शटलनं पुण्याला जायच्या, प्रदर्शनं बघायच्या, रद्दीच्या दुकानांत परदेशी कॅलेंडरं आणि फाटकी चित्रांची पुस्तकं धुंडाळायच्या. घरी आल्यावर एकेका चित्रावर ट्रेसिंगचा कागद ठेवून त्याचा नुसता सांगाडा काढायच्या. माणसं नाहीत, चेहरे नाहीत, फक्त कुठली रेघ कुठे जाते आणि नजर कुठून शिरून कुठे बाहेर पडते. असे कागद त्यांच्या खाटेखाली थप्प्या करून ठेवलेले असायचे. मला एकदा दाखवले. मला ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले. "ह्यात काय बघायचं?" मी विचारलं. "जाधव बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही कबीर शिकवता, तवा पोरांना आधी वही पुसायला सांगता का?" मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही.

संध्याकाळी त्या दौंड स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायच्या. गाडीची वाट बघणारी माणसं बघत. बोचकी, ट्रंका, झोपलेली पोरं, कुठल्या तरी गाडीतून उतरलेले जवान. गाडी आली की सगळं विस्कटायचं आणि नव्या माणसांची नवी रचना व्हायची. "रोज नवीन मांडणी," म्हणायच्या, "आन् फुकट." तिकीट तपासनीस त्यांना ओळखून होता. त्याला वाटायचं, बाईंचं कुणीतरी गाडीनं गेलंय आणि परत आलेलं नाही.

पुढे शाळेला नवं सभागृह बांधलं. शाळा गावानं श्रमदानातून उभी केलेली, संस्थापक म्हणजे अध्यक्षांचे वडील. अध्यक्षांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "समोरची अख्खी भिंत तुमची. आमच्या आबांनी शाळा कशी बांधली ते चित्र काढा." बाईंच्या सबंध नोकरीत त्यांच्याकडे कुणी रांगोळी सोडून काही मागितलं असेल तर ते एवढंच. मे महिन्याच्या सुट्टीत त्या रोज परांचीवर चढून काम करायच्या. वरचा पत्रा उन्हानं तापलेला असायचा. दोन पोळ्या आणि कांदा खाऊन दिवस काढायच्या. त्या महिन्यात मी त्यांना एकदाही वाकडं बोलताना ऐकलं नाही. परत येताना जीपमध्ये गुणगुणायच्यासुद्धा.

चित्र असं होतं: पाया खणतायत, दगड वाहतायत, शे-पन्नास माणसं. उजव्या बाजूला आबा उभे, पागोट्यात, काठी टेकून. आणि मध्ये, जरा डावीकडे, डोक्यावर मातीची पाटी घेतलेली एक बाई. पाठमोरी.

तात्या बघायला आले तेव्हा मी तिथे होते. गेटातून चालत आले, चित्रासमोर उभे राहिले, परत मागे गेले, परत आले. मग म्हणाले, "बाई, चित्र झ्याक हाय. पर आमचं आबा कुठं हायेत?"

"हे काय तात्या. काठीवाले."

"व्हय, दिसत्यात की. पर नजर जात न्हाई तिथं. मी दोनदा भाईरनं आत आलो. दोन्ही बारीला त्या पाटीवाल्या बाईपाशीच जाऊन थांबलो. ही कोण?"

"कुणी न्हाई. माती वाहणारी."

"मग तिच्याभवती समद्या रेघा का फिरतायत? दगडं तिच्याकडं, काठी तिच्याकडं. आबांनी काठी धरलीया ती पण तिलाच दाखवाय धरल्यागत."

बाईंचा चेहरा मी त्या वेळी बघितला. लाजल्यासारख्या झाल्या होत्या. "तुम्हाला दिसलं तात्या?" त्या म्हणाल्या.

"दिसलं म्हणून तर इचारतोय," तात्या म्हणाले.

उद्घाटनाच्या आधी दोन माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन आली. दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. मग पुण्याहून पेंटर आणून आबांचं एकट्याचं चित्र काढून घेतलं, छातीपर्यंतचं, मागे उगवता सूर्य. बाई उद्घाटनाला आल्या. आल्या म्हणजे स्टेजसमोरची रांगोळी त्यांनीच काढली, कारण ती त्यांच्या वाट्याची होती. परत येताना जीपमध्ये म्हणाल्या, "एवढ्या वर्सांत माझं चित्र नीट वाचणारा एकच माणूस भेटला. आन् त्यानंच चुना फासला."

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही.

आता त्यांच्या खोलीबद्दल. खोलीत खाट, स्टोव्ह, एक ट्रंक, आणि समोरच्या सबंध भिंतीएवढा एक कॅनव्हास. तो त्यांनी खोलीतच ताणून बसवला होता, त्यामुळे दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. त्याच्यावर एकच चित्र. दौंडचं रेल्वे फाटक, फाटक पडलेलं, मेंढरांचा कळप निम्मा अलीकडे, निम्मा रुळांच्या पलीकडे, मधे लखलखीत रूळ. घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, त्याच्यावर बांधलेली कोंबडी. गाडी अजून आलेली नाही. आणि डावीकडे पुढे एक बाई उभी, पाठमोरी. हे चित्र बाई माझ्या ओळखीच्याही आधीपासून काढत होत्या. महिनोन्‌महिने काम करायचं, मग सुरीनं रंग खरवडून काढायचा आणि परत सुरू. मेंढरं सरकायची, घोडा उजवीकडून डावीकडे जायचा, आभाळ खाली यायचं. ती बाई तेवढी जागची हलायची नाही.

घरमालकीण विचारायची, "झालं का वं मास्तरीणबाई?"

"न्हाई. अजून अडलंय."

"कुठं अडलंय?"

"फाटकातच," बाई म्हणायच्या.

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा त्या काळात त्यांच्याकडे यायला लागला. संदीप. वडील साखर कारखान्यावर फिटर. हाताला जबरदस्त वळण होतं त्याच्या. बाईंनी त्याला कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तयार केलं. रविवारच्या पुण्याच्या फेऱ्या त्याच्यासाठी बंद केल्या. खाटेखालच्या सगळ्या थप्प्या त्याच्यासमोर उघडल्या. तो जमिनीवर बसून त्या चित्राकडे तासन्‌तास बघायचा. मला आठवतंय, त्यानं एकदा विचारलं होतं, "बाई, ही पाठमोरी इथं काय करते?"

मी कान टवकारले, कारण हा बाईंचाच प्रश्न होता. त्यांच्या वर्गात कुणालाही यातून सुटका नव्हती.

"ऱ्हाऊ दे तिला," बाई म्हणाल्या.

संदीपला प्रवेश मिळाला. मुंबईला गेला. सुरुवातीला दिवाळीला यायचा, मग नाही. बाईंनी त्याची वाट बघितली असं दिसलं नाही, पण त्याच्यानंतर दुसऱ्या कुणाला त्यांनी खोलीत बसवलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या प्रदर्शनाचं आमंत्रण शाळेच्या पत्त्यावर आलं. पुण्यात, मोठ्या दालनात. बाईंनी ठेवणीतलं सुती लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, "चला, जाधव बाई. आपलं पोरगं हाय."

दालनात थंडगार हवा होती आणि लोक हळू आवाजात इंग्रजीत बोलत होते. दारासमोरच्या मुख्य भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र लावलेलं. मी दारातच थांबले. फाटक. पडलेलं. निम्मी मेंढरं अलीकडे, निम्मी पलीकडे. लखलखीत रूळ. घोडा. घोड्यावरची कोंबडीसुद्धा.

माझ्या अंगाची आग झाली. मी बाईंचा हात धरला. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. डोळे किलकिले करून चित्र बघत होत्या. जवळ गेल्या, मागे आल्या, एका बाजूला झाल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग माझ्या ध्यानात आलं. त्या चित्रात पाठमोरी बाई नव्हती. ती जिथे उभी असायची तिथे नुसती जमीन होती, मोकळी, पायांनी तुडवलेली.

संदीप आला. दाढी वाढवलेली, अंगात खादीचा लांब कुडता. वाकून बाईंच्या पाया पडला. सोबतच्या पाहुण्यांना म्हणाला, "या माझ्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई."

त्यातल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुम्हीही पेंट करता का?"

शेंडगे बाईंनी तोंड उघडायच्या आत संदीपच म्हणाला, "नाही, बाई शिकवतात."

मग त्यानं बाईंकडे बघितलं. त्याला घाम आलेला होता, त्या गारठ्यात. "बाई, कसं वाटलं?"

मी बोलणार होते. बाईंनी माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "सही तेवढी खाली उजवीकडं केलीस ना, तिथं जड झालंय बघ. सही नसती तर चाललं असतं."

पाहुणे हसले. त्यांना ती गमतीदार वाटली, गावाकडची बाई. संदीप हसला नाही.

परतीच्या शटलमध्ये बाई खिडकीशी बसल्या. मी सबंध वाट बडबडत होते. वर्तमानपत्रात द्या, त्याच्या कॉलेजला कळवा, तुमचं चित्र खोलीत आहेच पुरावा म्हणून. बाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. उरुळी गेल्यावर त्या म्हणाल्या, "चोरलं असतं तर बरं झालं असतं, जाधव बाई. चोरावर चिडता येतं. त्यानं सोडवलं."

"काय सोडवलं?"

"ती बाई काढून टाकली त्यानं. ती काढून टाकायची हाय हे मला पहिल्यापासनं ठावं व्हतं. नजर तिच्यापाशी जाती आन् अडती. मेंढरं पुढं सरकत न्हाईत."

"मग तुम्ही का नाही काढली?"

बाईंनी खिडकीची काच वर सरकवली.

"ती माझी थोरली. साखरा. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणात उतरायची. एकीनं मेंढरांमागं जायचं आन् एकीनं शाळंत, असं आमच्या वडलांनी ठरवलं. मी शाळंत. ती माझ्याहून हुशार व्हती. काथवटीतल्या पिठावर बोटानं मेंढरू काढायची, एका रेघंत. मला अजून जमत न्हाई तसं. लगीन झाल्यावरबी तेच, मेंढरांमागं. वाटंवरच बाळंत झाली आन् वाटंवरच गेली. फोटो न्हाई तिचा. आन् तोंड आठवत न्हाई मला. ल्हानपणी ती पुढं चालायची आन् मी मागं. पाठ तेवढी ध्येनात हाय."

मला शाळेची भिंत आठवली. "ती पाटीवाली..."

"तीबी तीच. समदीकडं तीच."

यवतला गाडी थांबली. चहावाला ओरडत गेला. गाडी सुटल्यावर बाई पुन्हा बोलल्या, मला नव्हे, खिडकीला. "त्यानं तिला काढली आन् जागा तशीच ठिवली. बघितलंत का तुम्ही? तिथं कुणी न्हाई, आन् तिथंच कुणीतरी हाय. मोकळ्याला भिऊ नका, मोकळ्याला भिऊ नका, पोरांना सांगत आले आयुष्यभर. एका पोरानं ऐकलं."

पुढच्या रविवारी शेजारच्या खोलीतून जाड कापड कापल्याचा आवाज आला. मी गेले. बाईंनी शिंप्याच्या कात्रीनं कॅनव्हासमधली पाठमोरी तेवढी कापून काढली होती. तिची गुंडाळी करून ट्रंकेत ठेवली. बाकीचा कॅनव्हास सोडवून घडी घातली आणि घरमालकिणीला दिला, सरपणावर टाकायला. त्या पावसाळ्यात ती मेंढरं अंगणातल्या बाभळीच्या फाट्यांवर पसरलेली होती. घरमालकीण कुरकुरली, "एवढं चांगलं जाड कापड, आन् मधी भोक कशाला पाडलं वं? निम्मं सरपण भिजलं."

बाईंनी त्यानंतर ब्रश हातात घेतला नाही. मी वाट बघितली. एखादा माणूस चिडून सोडतो आणि वर्षाच्या आत परत धरतो, तसं होईल वाटलं होतं. झालं नाही. भिंत मोकळी झाली तेव्हा तिथे त्यांनी कपड्यांची दोरी बांधली. पुढे संदीपला त्या चित्रासाठी कुठला तरी मान मिळाला आणि त्याची मुलाखत छापून आली. त्यात त्यानं बालपणी पाहिलेल्या मेंढरांबद्दल फार हळवं सांगितलं होतं. कारखान्याच्या चाळीत वाढलेलं पोरगं. मी तो पेपर बाईंपुढे आपटला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "मांडणी त्याची हाय आता." बस. त्या माफ करून मोकळ्या झाल्या की आतून जळत राहिल्या, मला कधी कळलं नाही. मी मात्र माफ केलेलं नाही. ना त्या पोराला, ना तात्यांना.

निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तर म्हणाले, "शेंडगे बाईंची रांगोळी ही आपल्या शाळेची शान होती." मग शाल, नारळ, आणि शिक्षकवर्गातर्फे भेट म्हणून मोठी फ्रेम. आत छापील देखावा: समुद्र, मावळता सूर्य, माडाची झाडं, एक होडी. वर्गणी माझ्याकडूनही घेतली होती, फ्रेम कुणी निवडली कळलं नाही. बाईंनी ती दोन्ही हातांत धरली. मला धडकी भरली की आता या काहीतरी बोलणार. "छान आहे," त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला कळलं की बाई संपल्या.

नंतर त्या सणसवाडीला पुतण्याकडे राहायला गेल्या. पुतण्या तिथे कंपनीत सुपरवायझर. त्यानं थोडी जागा घेऊन ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि बाहेरून आलेल्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. कडेची खोली बाईंची. मी शिरूरला भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हा परत येताना उतरले. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कामावरून येणारी बिहारकडची पोरं "दादी, खाना हो गया?" म्हणत पुढे जात होती. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांना ओळख लागली नाही. आवाज दिला तेव्हा उठल्या.

"मोतीबिंदू झालाय," म्हणाल्या. "दोन्हीकडं."

"मग करून घ्या की ऑपरेशन. आता एका दिवसाचं काम आहे."

"पुतण्या रोज मागं लागतोय. मी म्हणते पिकू दे अजून."

"अहो, पण दिसत नाही तुम्हाला!"

"दिसतंय की. वाटंपुरतं दिसतंय, ताटापुरतं दिसतंय. कडा तेवढ्या गेल्यात समद्याच्या. हे कुठं संपतं आन् ते कुठं सुरू होतं, काय कळत न्हाई." त्यांनी रस्त्याकडे मान वळवली. ट्रक, कंटेनर, कंपनीच्या बसेस, धूळ. "लई बरं वाटतंय जाधव बाई. खोटं न्हाई सांगत."

चहा झाला. खोलीत भिंतीवर काहीच नव्हतं, खिळासुद्धा. बाईंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, घरमालकीण गेली का जिवंत आहे ते विचारलं. चित्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. एस.टी.ची वेळ झाली तशा मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या, माझ्या दंडाला धरून, पाय चाचपत.

गाडीत मागची जागा मिळाली. मी खिडकीतून बघितलं तर बाई खाली उभ्या, चेहरा वर करून. गाडी हलली तसा त्यांनी हात उंच केला. पण माझ्याकडे नाही. त्या दोन खिडक्या पुढे बघत होत्या. तिथे कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक अनोळखी पोरगा बसला होता. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग संकोचत हात बाहेर काढून हलवला. बाईंना तो हलणारा हात दिसला असावा. त्या तोंडभर हसल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मला बघून त्या इतक्या मोकळ्या कधी हसल्या नव्हत्या.